स्वादुपिंडाच्या एन्झाइम तपासण्या: एकाच लॅबचा तीन वेळचा अनुभव

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातल्या दोघांच्या स्वादुपिंडाची तपासणी एकाच पॅथॉलॉजी लॅबकडून तीन निमित्तांनी झाली. पहिल्यांदा थोरल्या भावाला मध्यरात्री पोटदुखीने गाठले तेव्हा, दुसऱ्यांदा त्या धास्तीने मी स्वतःसाठी ‘पॅकेज’ घेतले तेव्हा, आणि तिसऱ्यांदा भावाच्या पचनाची तक्रार काही केल्या मिटेना तेव्हा. यंत्राने दिलेल्या एकाही आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. तरीही पहिल्या वेळच्या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देईन, दुसऱ्या वेळेला जेमतेम उत्तीर्ण करीन आणि तिसऱ्या वेळेचा निकाल राखून ठेवीन. असे का, ते सविस्तर लिहावे असे वाटले. लॅबचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मला दिसल्या त्या एवढ्या एका लॅबपुरत्या असतील असे वाटत नाही.

दादाचे दुखणे बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत जात होते. त्याला उताणे निजवत नव्हते आणि गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसले की किंचित उतार पडत होता. ज्या रुग्णालयात त्याला नेले तिथली लॅब याच साखळीची शाखा आहे. रक्त घेतल्यापासून पाऊण तासाच्या आत लायपेजचा, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमचा, आकडा हाती आला, आणि तोही छापील रिपोर्ट येण्याआधी लॅबमधून वॉर्डात फोन करून कळवण्यात आला. आकडा होता ४,२०० युनिट प्रति लिटर, आणि त्या यंत्राची वरची मर्यादा ३००, म्हणजे चौदा पट. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेच्या, निदानासाठी सर्वत्र वापरला जाणारा निकष, म्हणजे २०१२ साली सुधारलेले अटलांटा वर्गीकरण, तीनपैकी दोन गोष्टी मागतो: विशिष्ट प्रकारची पोटदुखी, लायपेज किंवा अमायलेज (पिष्ट पदार्थ पचवणारे एन्झाइम) वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी स्कॅनसारख्या तपासणीत दिसणाऱ्या खुणा. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या होत्या, त्यामुळे निदानासाठी त्या रात्री सीटी स्कॅनची गरज पडली नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि कारणही सापडले. एका नळीभर रक्तातून तासाभरात इतके स्पष्ट उत्तर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

त्या रात्री मला एक गोष्ट खटकली होती, ती आता नोंदवते, कारण चूक माझी होती. लॅबने फक्त लायपेज केले, अमायलेज केलेच नाही, तेव्हा हात आखडता घेतला असावा अशी मला शंका आली. नंतर समजून घेतल्यावर उलगडा झाला. स्वादुपिंड रोज सुमारे दीड लिटर पाचक रस लहान आतड्यात सोडते; ग्रंथीला इजा झाली की त्या रसातले एन्झाइम आतड्याऐवजी रक्तात झिरपतात आणि आपण मोजतो ते हेच झिरपलेले एन्झाइम. अमायलेज दुखणे सुरू झाल्यापासून सहा ते बारा तासांत वाढते, पण तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते, त्यामुळे रुग्ण उशिरा आला तर ते हुलकावणी देऊ शकते. लायपेज त्याच्या आधी, चार ते आठ तासांत वर जाते, साधारण चोवीस तासांना शिखर गाठते आणि आठ ते चौदा दिवस वाढलेले राहते. शिवाय अमायलेज लाळग्रंथीही तयार करतात, म्हणून गालगुंडातही ते वाढते; आतड्याला छिद्र पडले किंवा गर्भाशयाबाहेरचा गर्भ असला तरीही वाढते. रक्तातले ट्रायग्लिसराइड फारच चढलेले असतील तर उलट खऱ्या स्वादुपिंडदाहातही अमायलेजचा आकडा सामान्य दिसू शकतो. तेव्हा दोन्ही तपासण्या करून रिपोर्ट भारदस्त दिसला असता, पण दादाच्या उपचारात त्याने काडीचाही फरक पडला नसता. न केलेल्या तपासणीबद्दल मी या लॅबचे आभार मानायला हवेत.

दुसरी चूकही माझीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे हट्ट धरला की लायपेज पुन्हा करा, उतरले का पाहू. डॉक्टरांनी शांतपणे नकार दिला. आकडा किती वर गेला यावरून आजार किती गंभीर आहे हे ठरत नाही, आणि आकडा उतरला म्हणून सूज उतरली असेही म्हणता येत नाही, असे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी ते नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, युरिया, हिमॅटोक्रिट यांच्याकडे पाहत होते. तिप्पट असो की तीस पट, निदान झाले की या एन्झाइमचे काम संपले. हे वाक्य लॅबच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत असते तर पुढचा प्रसंग माझ्यावर आला नसता.

दादा घरी आल्यावर दोन महिन्यांनी लॅबच्या अॅपवर ‘आपल्या स्वादुपिंडाचे आरोग्य जाणून घ्या’ असा संदेश आला. मला कसलाही त्रास नव्हता, पण मनात भीती बसली होती आणि संदेश नेमका त्या भीतीवर बोट ठेवणारा होता. पॅकेजमध्ये आठ तपासण्या होत्या: अमायलेज, लायपेज, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढू शकणारा रक्तातला घटक). नोंदणी सोपी होती आणि नमुना घ्यायला येणारा मुलगा ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधीच दारात उभा होता, याबद्दल पूर्ण गुण.

नमुना घेतानाचा प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. जांभळ्या बुचाची नळी एचबीए१सीसाठी आणि पिवळ्या बुचाची बाकी सगळ्या तपासण्यांसाठी, असे त्याने आधी मला समजावले. जांभळी नळी काठोकाठ भरली, पण पिवळी अर्धी होते न होते तोच शीर निसटली. त्याने सुई काढली, कापूस दाबायला दिला, एक क्षण दोन्ही नळ्यांकडे पाहिले आणि जांभळीचे बूच उघडून तिच्यातले थोडे रक्त पिवळीत ओतण्याच्या बेतात तो होता. मी सहज विचारले, “असे चालते का हो?” तो थबकला, ओशाळे हसला आणि म्हणाला, “नाही ताई, नको. दुसऱ्या हाताचे घेतो.” जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेले असते आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. अमायलेजला आपले काम करायला कॅल्शियम लागते. ते दोन थेंब ओतले गेले असते तर माझे अमायलेज खोटे कमी आले असते, कॅल्शियमही खोटे कमी आले असते, आणि जगातले सर्वांत महागडे यंत्रही ती चूक दुरुस्त करू शकले नसते. मुलगा प्रामाणिक होता आणि त्याने दुसऱ्यांदा सुई टोचली, याचे मला समाधान आहे; पण असे करायचे नसते हे त्याला ठाऊक असूनही त्याचा हात तिकडे गेला, याचा अर्थ दिवसाला किती घरे गाठायची हे ठरवणाऱ्यांनी दुसऱ्यांदा टोचायला लागणारी पाच मिनिटे हिशेबात धरलेली नाहीत. लॅबच्या जाहिरातीत यंत्रांची छायाचित्रे असतात. चूक होण्याची खरी जागा बहुतेक वेळा यंत्राच्या अलीकडे, शिरेपासून नळीपर्यंतच्या वितीभर अंतरात असते.

रिपोर्ट त्याच रात्री अकरा वाजता आला. लायपेज ३४, मर्यादा ६०, म्हणजे ठीक. अमायलेज १४८, मर्यादा १००, आणि तो आकडा लाल रंगात, शेजारी वर जाणारा बाण. खाली ठरीव छापाची टीप होती, जिच्यात अमायलेज वाढण्याची कारणे एका ओळीत सलग दिली होती: स्वादुपिंडदाह, गालगुंड, मूत्रपिंडाचे विकार, आतड्यातला अडथळा, कर्करोग; आणि शेवटी ‘कृपया लक्षणांशी पडताळून पाहावे’. लक्षणे नव्हतीच, तर पडताळायचे कशाशी? रात्री अकराला हे वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना त्या ओळीतला एकच शब्द दिसतो. पुढचे आठ दिवस मी नीट झोपले नाही आणि पोटात हलकेसे काही हलले तरी पाठीत कळ येते का याची चाचपणी करत राहिले.

हे टाळणे लॅबला कठीण नव्हते. संदर्भ मर्यादा ठरवताना निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे धरले जातात, म्हणजे पूर्ण निरोगी शंभर माणसांतल्या दोन-तीन जणांचा आकडा वरच्या रेषेच्या बाहेर पडणारच. एका पॅकेजमध्ये आठ तपासण्या घातल्या की कुठलातरी एक आकडा लाल होण्याची शक्यता आपोआप वाढते. त्यात माझे अमायलेज दीड पटदेखील नव्हते आणि लायपेज अगदी सामान्य होते. या दोन आकड्यांची जोडी पाहून ‘लायपेज सामान्य असताना अमायलेजची एवढी वाढ तीव्र स्वादुपिंडदाहाचा निकष पूर्ण करत नाही, लाळग्रंथी किंवा मॅक्रोअमायलेजचा विचार करावा’ एवढे एक वाक्य रिपोर्टवर सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला सहज लिहिता आले असते. सही होती, वाक्य नव्हते. आणखी एक गंमत म्हणजे पॅकेजच्या पानावर या तपासणीला ‘अत्याधुनिक’ म्हटले आहे. लघवीतले अमायलेज मोजण्याची पद्धत व्होल्गेमुट यांनी १९०८ साली मांडली, रक्तातले अमायलेज स्वादुपिंडदाहाच्या निदानासाठी १९२९ पासून पाहिले जाऊ लागले आणि लायपेजची पद्धत १९३२ ची आहे. रसायने आणि यंत्रे बदलली, वेग आणि अचूकता कितीतरी वाढली. पण मोजायचे काय, ही कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली आहे. त्यात कमीपणा नाही, फक्त विशेषण चुकले आहे.

दादावर उपचार केलेल्या डॉक्टरांनाच मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी मी कोणती औषधे घेते ते आधी विचारले, कारण मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि जीएलपी-१ गटातली इंजेक्शने या एन्झाइमचा आकडा थोडा वर नेऊ शकतात, आणि अफूजन्य वेदनाशामके स्वादुपिंडाच्या नळीचे तोंड आवळून तेच करू शकतात. लॅबच्या अर्जात वय होते, लिंग होते, उपाशीपोटी आहात का हा प्रश्न होता. औषधांसाठी रकाना नव्हता. क्रिएटिनिन सामान्य असल्यामुळे मूत्रपिंडाचा प्रश्न निकालात निघाला, आणि पॅकेजमधली ही एक तपासणी खरोखर उपयोगी पडली असे म्हणायला हवे. मग डॉक्टरांनी एकाच वेळी घेतलेले रक्त आणि लघवी यांतले अमायलेज व क्रिएटिनिन मोजायला सांगितले. या वेळी लॅबने काम चोख केले: दोन्ही नमुने एकाच भेटीत घेतले, वेळ नोंदवली आणि गुणोत्तर स्वतः काढून रिपोर्टमध्ये दिले. ते १ टक्क्यापेक्षा कमी आले.

याचा अर्थ असा की माझ्या रक्तातले काही अमायलेज प्रतिपिंडासारख्या मोठ्या प्रथिनाला चिकटून इतके बोजड झाले आहे की ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून पलीकडे जात नाही. ते रक्तातच फिरत राहते आणि मोजले की जास्त भरते. याला मॅक्रोअमायलेजीमिया म्हणतात. स्वादुपिंडाचा त्यात काही दोष नाही आणि माझ्या बाबतीत उपचारही काही नाही. आठ दिवसांचा घोर त्या एका गुणोत्तराने मिटला. फक्त ते गुणोत्तर सुचवले डॉक्टरांनी, लॅबने नव्हे.

पॅकेजमधल्या बाकीच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. साखर आणि एचबीए१सी या उत्तम तपासण्या आहेत, पण इन्शुलिन तयार करणारी पेशींची बेटे स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच असतात, आणि त्यांच्यावरून उरलेल्या ग्रंथीची खबर मिळत नाही. सीए १९-९ लक्षणे नसलेल्या माणसात करायला नकोच होते. पित्तनलिकेत अडथळा आला तरी ते वाढते, आणि शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही. माझे सामान्य आले, त्यातून मला काहीही कळलेले नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र पॅकेजच्या नावावरच आहे. रक्तातले अमायलेज आणि लायपेज एकाच प्रश्नाचे उत्तर देतात: या घटकेला ग्रंथीला इजा होऊन एन्झाइम बाहेर झिरपत आहेत का? ग्रंथी आपले काम नीट करते आहे का, हा प्रश्न निराळा. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात ग्रंथी हळूहळू निबर होत जाते आणि झिरपायलाही फारसे काही उरत नाही. अशा माणसाचा रिपोर्ट हिरव्या रंगात, अगदी सामान्य येऊ शकतो. लायपेजचा स्राव सुमारे नव्वद टक्क्यांनी घटेपर्यंत स्निग्ध पदार्थ न पचल्याची ठळक लक्षणेही दिसत नाहीत, इतकी निसर्गाने इथे शिल्लक ठेवलेली आहे. म्हणजे ज्याला खरोखर आजार मुरला आहे त्याला हे पॅकेज निर्धास्त करू शकते आणि ज्याला काही झालेले नाही त्याला, माझ्यासारखे, आठवडाभर जागे ठेवू शकते. त्याला ‘आरोग्य जाणून घ्या’ म्हणणे मला रास्त वाटत नाही.

काम नीट चालले आहे का हे विचारणारी तपासणी वेगळी आहे, आणि तिची वेळ दादावर आली. त्या दुखण्यात त्याच्या ग्रंथीचा काही भाग निकामी झाला होता. काही महिन्यांनी वजन उतरू लागले, शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारी होऊ लागली, आणि डॉक्टरांनी जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू करून मलातले इलास्टेज-१ तपासायला सांगितले. हे एन्झाइम आतड्यातून जाताना फारसे मोडत नाही, त्यामुळे ग्रंथीने किती रस सोडला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. एका ग्रॅम मलात २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल तर सामान्य, १०० ते २०० म्हणजे सौम्य ते मध्यम कमतरता, आणि १०० च्या खाली गंभीर कमतरता असे ढोबळमानाने धरतात. बहात्तर तास मल साठवून त्यातली चरबी मोजण्याची जुनी पद्धत ज्यांनी ऐकली असेल त्यांना एका लहानशा नमुन्यावर भागते याचे महत्त्व सांगायला नको.

इथे लॅबच्या मदत क्रमांकावरून आम्हाला सांगण्यात आले की कॅप्सूल पाच दिवस बंद करा, नाहीतर निकाल चुकेल. दादा बंद करायला निघालाही होता. डॉक्टरांना विचारल्यावर कळले की ही तपासणी फक्त मानवी इलास्टेज ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर चालते आणि कॅप्सूलमधले एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असतात, त्यामुळे बंद करण्याचे कारण नाही. वजन घटत असलेल्या रुग्णाचे पाच दिवसांचे औषध एका फोनवर बंद झाले असते. पुढची चूक त्याहून ढोबळ. पहिला नमुना दिला त्या दिवशी दादाला जुलाब होत होते. पातळ मलात इलास्टेज पाण्याने विरळ होते आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून असा नमुना घेऊ नये किंवा निदान रिपोर्टवर तशी नोंद तरी करावी. खिडकीवरच्या बाईंनी डबी घेतली, चिकटपट्टी लावली, पावती दिली. निकाल ७४ आला, ‘गंभीर कमतरता’ या शेऱ्यासह, नमुन्याच्या स्थितीबद्दल अवाक्षर न लिहिता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि दोन आठवड्यांनी बांधीव नमुना पाठवायला सांगितला; तो १६८ आला. दोन्ही वेळा यंत्राने समोर आलेल्या नमुन्याचा खराच आकडा सांगितला होता. लॅबने दुसऱ्या तपासणीचे शुल्क घेतले नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिते. मात्र त्यासाठी तीन वेळा फोन करावा लागला.

अॅपबद्दल एक सूचना आहे. दादाचे लायपेज नंतर मध्यवर्ती लॅबमध्ये केले तेव्हा ५२ आले आणि अॅपने ४,२०० पासून ५२ पर्यंत एक सुबक उतरती रेघ काढून दाखवली. रुग्णालयातल्या यंत्राची मर्यादा ३०० आणि मध्यवर्ती यंत्राची ६०; पद्धती वेगळ्या, त्यामुळे आकडे एका रेघेवर मांडता येत नाहीत. मर्यादेच्या पटीत मांडले तर निदान तुलनेला काही अर्थ राहील. दादाच्या बाबतीत फरक इतका मोठा होता की घोळ झाला नाही, पण एका यंत्रावरचा २०० आणि दुसऱ्यावरचा ७० अशी जोडी असती तर पहिला सामान्य आणि दुसरा वाढलेला असूनही रेघ उतरतीच दिसली असती.

अचानक उठलेल्या दुखण्यात मी डोळे मिटून याच लॅबकडे जाईन. डॉक्टरांनी नेमकी तपासणी लिहून दिली असेल तरीही जाईन, फक्त नमुना देताना त्याची स्थिती आणि चालू औषधे चिठ्ठीवर लिहून सोबत जोडीन. पॅकेज पुन्हा घेणार नाही.

आमच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आहेत: ‘मॅक्रोअमायलेजीमिया. पोटदुखी झाल्यास अमायलेज ग्राह्य धरू नये, लायपेज पाहावे.’ हे माझ्या नावावर नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी लाल बाण पाहून कोणी दचकणार नाही, अशी विनंती मी लॅबला केली. अॅपमध्ये तशी सोय नाही, असे उत्तर आले. तो कागद घडी घालून मी पर्समध्ये ठेवला आहे.